पाटावरचा डबा

९ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळपासून गुडघा दुखत होता, चकलीची भाजणी भाजायला बसले आणि थांबला. संध्याकाळी सून चाकणहून कंपनीच्या बसने आली ती चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. "आई, दापोडीत एक कदम आजोबा आहेत, माझ्या मैत्रिणीचे. नेव्हीत विमानांवर मेकॅनिक होते. त्यांना अरुणमामा आठवतात!"
जेवणाच्या सुट्टीत हिने मैत्रिणीला सहज सांगितलं होतं, सासूबाईंचे भाऊ नेव्हीच्या विमानावर होते, भाऊबीजेला त्या चंद्राला ओवाळतात. त्यावरून निघालं सगळं. दादाचं नाव बाहेरच्या कोणाच्या तोंडून येईल, वाटलं नव्हतं.

१० ऑक्टोबर
फोन केला. खणखणीत आवाज, बोलणं साताऱ्याकडचं.
"अरुणची धाकटी भन का? मग त्या शंकरपाळ्या तुमीच केल्या व्हत्या!"
एकाहत्तरची दिवाळी, मी चौदा वर्षांची. पहिल्यांदा एकटीने केलेला फराळ दादाला पार्सलने पाठवला. मग लढाई लागली. त्याचं विमान समुद्रावर गेलं ते आलंच नाही. पार्सल त्याला मिळालं का, कोणाला विचारणार?
"पोचलं होतं?"
"पोचलं म्हंजे! दगड व्हते ताई, दगड. अरुण म्हनायचा, विमानाच्या चाकाखाली लावा, हलायचं न्हाई. पर मी सोडून कुनाला एक दिली न्हाई त्यानं."
हसू आवरेना. ह्यांना वाटलं मी रडतेय, पाणी घेऊन धावत आले. थोडी रडतही होते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
कदम तेवीसला येणार, नातीला सुट्टी आहे म्हणून. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ती तर भाऊबीज!
आता काय करू? दादाच्या मित्राला त्या दिवशी न ओवाळता कसं पाठवायचं? पण पाट दादाचा. आई तो रिकामा मांडायची, मीही मांडते, आणि गॅलरीतून चंद्राला ओवाळते. आईने फोटोला हार घालू दिला नाही की पाटावर दुसऱ्या कोणाला बसू दिलं नाही. म्हणायची, उशीर करायची सवयच आहे त्याला. होतीच. रजेवर यायचा तो हमखास भाऊबीज उलटल्यावर. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पाट, पुन्हा रांगोळी, आणि हा वर गालात हसत बसलेला.
दुसऱ्याला तिथे बसवलं म्हणजे त्याची वाट पाहणं संपलं. मला नाही जमणार.
हे म्हणतात, "दोघांना ओवाळ, तेल मी आणतो." ह्यांना सगळं सोपं.

१८ ऑक्टो.
शंकरपाळ्या. मोहन मुद्दाम कमी घातलं. सून म्हणाली, आजोबांचे दात पडतील. पडू देत!

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
कदम आले. ठेंगणे, टोपी तिरकी, हातात पिशवी. पिशवीतून पितळी डबा काढला, पोचे आलेला. झाकणावर कोरलेलं: चि. अरुण यास बारशानिमित्त, आत्याकडून.
माझ्या पार्सलचा डबा! आईने हाच दिला होता.
"विमान गेलं तवा ह्यो माझ्याकडं व्हता. पत्ता त्याच्या ट्रंकेत, अन् ट्रंक तर तुमच्या घरी धाडलेली. म्हटलं, अरुण मागाया येईल. ऱ्हायला तसाच." मग लाजून म्हणाले, "रिकामा कसा द्यायचा? सुनंनं शंकरपाळ्या घातल्यात."
म्हणजे तेही वाटच बघत होते. मी एकटीच नव्हते.
दिवेलागणीला गॅलरीत पाट मांडला तर आभाळ गच्च. चंद्राचा पत्ता नाही. मी ताम्हन घेऊन नुसती उभी. निरांजन फडफडतंय, हे घड्याळ बघताहेत. कदमांनी डबा उचलला, पाटावर ठेवला आणि स्वतः खाली सतरंजीवर मांडी घातली.
"त्यो बसू द्या वर. मी हितं बरा."
डब्याला कुंकू लावलं, ओवाळलं. मग खाली वाकून त्यांनाही. "भन न्हवती मला," एवढंच म्हणाले. माझी शंकरपाळी तोंडात टाकली, बराच वेळ चघळली, आणि मांडीवर थाप मारून ओरडले, "व्हय! ह्याच त्या!"
इतकी हसले की कुशीत कळ आली. किती वर्षांत अशी भाऊबीज झाली नव्हती.

२४ ऑक्टो., शुक्रवार
कदमभाऊ डबा ठेवून गेलेत. त्यांच्या शंकरपाळ्या मऊ, खुसखुशीत, पण माझ्या दगडांची सर नाही. भरून आलेला डबा भरूनच परत जायला हवा. रविवारी दापोडीला जाते. हे म्हणाले, "अगं, डबा आपलाच आहे." असू दे. फिरता राहिला तर बरं.
संध्याकाळी आभाळ स्वच्छ. समोरच्या टॉवरच्या कडेला चंद्र, कालच्यापेक्षा थोडा जाड असणार. ताम्हन घेतलं, ठेवलं, परत घेतलं. पाट मांडला.
हे म्हणाले, "अगं, भाऊबीज काल झाली."
म्हटलं, "दादा कधी वेळेवर आलाय?"