आमची नको, हिला न्या

प्रिय धाकटे,

फोनवर बोलले असते तर तू मध्येच ‘बरं बरं’ म्हणून विषय गुंडाळला असतास, म्हणून लिहिते.

शिवणक्लासच्या बाईंवरचा खटला सरकारी वकील म्हणून माझ्याकडे आलाय, एवढं तुला सांगितलं होतं. त्याच बाई, परदेशात कामाला मुली पाठवणाऱ्या. पण मुख्य साक्षीदार तुझी मैत्रीण चिमणी आहे, हे सांगितलं नव्हतं. चार वर्षं तिला तिकडे एका बंगल्यात कोंडलं होतं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, दाराला कडी बाहेरून. तिचा जबाब मी इतक्यांदा वाचलाय की जेवताना ते घर समोर दिसतं. खिडकी नसलेली इस्त्रीची खोली, तिथेच टेबलाखाली गादी. हल्ली आंघोळीला गेले तरी मला दार पूर्ण लावून घेववत नाही.

परदेशातल्या गुन्ह्याचा खटला इथे चालवताना नाकी नऊ येतात. आधी सरकारची परवानगी, मग तिकडच्या कागदांची भाषांतरं, त्यावर शिक्के. आमचे साहेब म्हणतात, चोर सातासमुद्रापार आणि आपला हात झेरॉक्सच्या दुकानापर्यंत. बाईंचा वकील हसून एवढंच विचारतो, की जे झालं ते तिकडे झालं, माझ्या अशिलानं इथे काय केलं? म्हणजे आमिष इथेच दाखवलं, हे सिद्ध करायला हवं. शाळेत आयाचं काम, रविवारी सुट्टी, हे कुठे सांगितलं, कुणासमोर? जबाबात एक ओळ आहे: मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात, तिच्या मोठ्या बहिणीसमोर.

ती ओळ मी पहिल्याच दिवशी वाचली. आपल्याच खटल्यात वकिलाला साक्षीदार होता येत नाही. तेव्हाच फाइल परत द्यायला हवी होती. मी बाजूला झाले तर खटला ढेपाळेल, असं डायरीत लिहिलं. ते थोडं खरंही होतं. थोडंच.

गेल्या आठवड्यात साक्षीच्या तयारीसाठी चिमणी संगणकाच्या पडद्यावर आली. केस अगदी बारीक कापलेत. एकेक प्रश्न घेत स्वयंपाकघरापाशी आलो, तशी ती थांबली आणि हळूच म्हणाली, “ताई, तुमचं नाव घेऊ, की नको?” माझी अडचण होऊ नये म्हणून विचारत होती.

त्याच दुपारी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी लायकीच काढली, आणि ते बरोबरच होतं. खटला आता दुसऱ्या वकिलाकडे गेलाय. गुरुवारी मी पिंजऱ्यात उभी राहून साक्ष देणार.

तिथे जे सांगेन, ते तू आधी माझ्याकडून ऐकावंस. बाई त्या दिवशी तुझ्यासाठी आल्या होत्या. तू टायपिंगला गेली होतीस, चिमणी तुझी वाट बघत ओट्याशी उभी होती. शाळेचं नाव विचारलं तर बाई सांगेनात, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तरी मी म्हणाले, “आमची नको, हिला न्या.” तुला मात्र सांगितलं, की चिमणीनं तुझी जागा पटकावली. म्हणून तू तिच्याशी बोलणं टाकलंस. जबाबात पुढे आहे, की पहिल्या महिन्यात तिला एकच फोन करू दिला. तो तिनं मैत्रिणीला केला आणि मैत्रिणीनं आवाज ओळखताच ठेवून दिला. हेही कोर्टात वाचलं जाईल. तुला तो फोन आठवत असेल, तर एवढं लक्षात ठेव: ठेवला तू, पण ठेवायला लावला मी.

अजूनही तुझीच म्हणवत असेल तर,
ताई