मिशीचा नियम

६ जानेवारी, सोमवार
पहाटेच्या एसटीने कोयनानगरहून सांगली. थेट ड्यूटी. परवा बाबांचा दहावा झाला. केस, मिशी काढली. तेराव्याला थांबलो नाही. आईजवळ बहीण आहे, अंकिता. युनिटच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, रजेचं कारण 'घरी कार्यक्रम' असं सांगितलं होतं. तसं ते खोटं नाही. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, त्यामुळे कुणाला कळायचा प्रश्न नाही. कळलं की लोक बोलतात, मग आपल्यालाही बोलावं लागतं. फेलोशिपची परीक्षा मार्चमध्ये. बाकीचं सगळं परीक्षेनंतर. मी एकदम ठीक आहे.

७ जानेवारी
कँटीनमध्येही टोपी ठेवली. इन्चार्ज मंगल सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर, भज्यांना इन्फेक्शन होईल म्हणून का? हसलो.
चार नंबरचं बाळ माझ्याकडे. रजेआधी मीच दाखल करून घेतलेलं. सातव्या महिन्यात झालंय, दोन तळहातांत मावेल. आटपाडीची माणसं. हे बाळ मी घरी पाठवणारच.

८ जानेवारी
बेसिनवर मास्क खाली केला होता. बाळाची आजी रंगूबाई तिथंच. आवं डाक्टर, मिशा कुठं गेल्या तुमच्या? लय झ्याक हुत्या की.
दोनच शब्द सांगायचे होते. तोंडातून निघालं, युनिटचा नवा नियम आहे, मिशीत जंतू राहतात.
व्हय व्हय, म्हणाल्या.
वेळेवर सुचलं. आईचा मिस्ड कॉल. संध्याकाळी करतो.

१० जानेवारी
आज धनाजीने, म्हणजे बाळाच्या वडिलांनी, बाळाला ऊब द्यायला पहिल्यांदा उघड्या छातीवर घ्यायचं होतं. गडी आला तो मिशी सफाचट करून. म्हणाला, तुमचा नियम हाय म्हनं, आय बोलली. सर म्हणाले, व्हेरी गुड.
 धनाजीचे वडील तर जिवंत आहेत. बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही, हे आमच्याकडे आहे तसं आटपाडीकडेही आहे. उद्या नीट समजावतो. तोवर थोडी वाढेलही.

११ जानेवारी
सांगायचं राहिलं, राउंड लांबला. बाळाचा श्वास दोनदा थांबला. तळपायाला टिचकी मारली की सुरू होतो. सिस्टर म्हणाल्या, रंग बरा दिसत नाही. म्हटलं, एवढ्या लहान बाळांत होतं असं.
आईचा फोन. उद्या रविवार, निवांत करतो.

१२ जानेवारी, रविवार
रक्तात इन्फेक्शन. बाळ व्हेंटिलेटरवर.
त्यातच आजोबा आले आटपाडीहून, भाऊसो. पोराचं तोंड बघून कॉरिडॉरमध्येच ओरडले, मी जित्ता हाय नव्हं रं अजून? मग मिशा कुनाच्या नावानं काढल्यास? तू मिशा काढल्यास आन् लगीच पोर आजारी! धनाजी मान खाली घालून उभा. माझ्याकडे बघत होता. मी मॉनिटरकडे बघत होतो.
फोन राहिला.

१३ जानेवारी
भाऊसो म्हणतात, ही जागाच वंगाळ हाय, बाळ घरी न्हेनार. व्हेंटिलेटर काढला तर बाळ शेजारचं कुपवाडही ओलांडणार नाही. सरांनी समजावलं. मग सगळ्यांना विचारलं, हा मिशीचा नियम केला कुणी? मी चार नंबरची फाइल उघडली. 
ठरवलं, जेवणानंतर सांगायचं. जेवणानंतर ठरवलं, राउंडनंतर.
राउंडच्या आधीच गाडी दारात लागली. रंगूबाई दुपटं घेऊन आत निघाल्या होत्या. मी पोर्चमध्ये गेलो, टोपी काढली. म्हटलं, माझे वडील गेले. मिशी त्यासाठी काढली. नियमबियम काही नाही.
हे मोठ्याने पहिल्यांदाच म्हणालो.
भाऊसो माझ्या डोक्याकडे बघत राहिले. तेरावं झालं का? म्हटलं, झालं, मी नव्हतो. त्यांनी हात करून गाडी परत पाठवली. मग म्हणाले, तुझी आय कुनाजवळ हाय लेकरा? तू हितं काय करतुयास?

१५ जानेवारी
सरांनी रजा दिली, मी मागितली नव्हती. परीक्षा पुढच्या वेळी. चार नंबर दुसऱ्या फेलोकडे. मी म्हटलं, सर, मी ठीक आहे. सर म्हणाले, पार्किंगमध्ये ऑपरेशन थिएटरची टोपी घालून फिरणारा माणूस ठीक नसतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून बघत होते.

१६ जानेवारी
कोयनानगर. घराला कुलूप. किल्ली शेजाऱ्यांकडे. अंकिता आईला कराडला आपल्या घरी घेऊन गेलीय. फोन केला. आई म्हणाली, तू येशील असं वाटलंच नाही रे, नाहीतर थांबले असते.
सिस्टरांचा मेसेज. बाळ अजून व्हेंटिलेटरवर. आजी दाराशी बसून आहेत. भाऊसो विचारतात, डाक्टर घरी पोचला का.
पोचलो, असं कळवलं.
न्हाणीतला आरसा बाबांच्या उंचीला लावलेला. वाकून दाढी केली. मिशीचे खुंट तेवढे राहू दिले.