आनच्या पालकासाठी लावलेला कौल

लिहून ठेवतो मी, शी चिन-फा, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा देवळात कौल लावायच्या लाकडी जोड्या कोरणे, राहणार समुद्राची देवी माझूमाय, तिच्या देवळामागे, लुगांग, ऐसाजे: माझे डोके ठिकाणावर आहे. ताईला याबद्दल शंका आहे, पण ती तिला माझ्या जन्मापासून आहे. डॉक्टरांनी माझ्या हृदयाचा फोटो पाहिला आणि आधी मला खुर्ची दिली, म्हणून हे घाईने सांगून लिहवून घेत आहे.

१. माझी एकुलती एक मुलगी युन-आन, वय नऊ. ती झाली तेव्हा नर्स मला म्हणाली, "आजोबा, अभिनंदन!" त्या नर्सला मी अजून माफ केलेले नाही. घर, दुकान आणि पोस्टातली ठेव सर्व आनची. ती अठरा वर्षांची होईपर्यंत यातले काहीही विकू नये. कोरायच्या पटाशा तिला आजपासूनच दिल्या, मोठी सोडून; ती हाताला बळ आल्यावर.

२. आनची आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्यामुळे माझ्यामागे पालक कोण, हे ठरवण्याचा हक्क कायद्याने माझा आहे. इच्छुक दोन. माझी थोरली बहीण पाओ-चू आमच्याकडे येते ती आधी कपाटाला हात लावते, मग पोरीला. मेहुणा चुआंग वन-तू, आनचा मामा, म्हणाला, "भाचीला राजकन्येसारखी ठेवीन!" आणि लगेच दुकानात नाणे टाकून बाहुल्या उचलायच्या खेळाची यंत्रे सहा बसतील की आठ, ते पावलांनी मोजू लागला.

३. तिसरी को श्यू-मान, वय अठ्ठावन्न, शेजारची उदबत्तीवाली. ही बाई कारखान्यातल्या प्लास्टिकच्या कौलजोड्या विकते. माझ्या भिंतीला लागून! त्यावरून अकरा वर्षे आमचे बोलणे बंद. पण गेल्या थंडीत मी इस्पितळात होतो तेव्हा आन सतरा दिवस तिच्याकडे जेवली. परत आली ती पाढे पाठ करून आणि डोक्यातल्या उवा घालवून. मला दोन्ही जमले नव्हते.

४. म्हणून मी देवळात गेलो. जोडी जमिनीवर टाकायची; एक पट्टी उताणी, एक पालथी पडली की होकार. दोन्ही उताण्या पडल्या की देवी नुसती हसते, उत्तर देत नाही. मी विचारले, "को श्यू-मान माझ्या मुलीला सांभाळेल का?" देवी हसली. पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही हसली. जोडी माझ्याच हातची, तेव्हा तिला दोष देता येईना.

आन म्हणाली, "बाबा, येडपट प्रश्न विचारलास तर ती हसणारच. मावशी सांभाळेलच की! मी मावशीला सांभाळेन का, ते विचार. ती एकटी जेवते आणि टीव्हीशी भांडते."

तसे विचारले. सलग तीनदा होकार. आता अकरा वर्षांनी त्या बाईशी बोलणे आले.

"माझ्यामागे माझ्या मुलीला घेशील?" मी म्हणालो.

"उदबत्ती घ्यायची तर घे. गिऱ्हाईक खोळंबलंय." मग तिने त्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे दोनदा दिले. "मीठ कमी खा म्हणून तुझी बायको सांगत नव्हती? आता बस मरत."

"अजून आहे मी."

"मग पोरीला जेवायला पाठव. आज मासा आहे."

५. सबब आनची पालक को श्यू-मान. तिने माझ्या मालमत्तेतले काही घ्यायला नकार दिला आहे. आनसमोर प्लास्टिकच्या जोड्या विकू नयेत ही माझी अट. (लेखनिकाची नोंद: बाई म्हणाल्या, "विकणार.") पालकासोबत मालमत्तेची यादी करायला कायद्याने आणखी एक माणूस लागतो, तो मान ताईचा. माझे चमचे ती माझ्या लग्नापासून मोजते आहे. मेहुण्याला एक अस्सल लाकडी जोडी द्यावी. कुठलाही नवा धंदा काढण्याआधी त्याने ती वापरावी.

६. आन, तू मला फार आवडतेस. लेखनिकाने हे वाक्य गाळू नये. तू अठराची झालीस की मावशीचे पालकपण संपेल, असे कायदा म्हणतो. तेव्हा ती सदुसष्टची असेल, आणि एकटी जेवायला मोकळी. पण देवीचा होकार ती तुला सांभाळेल याला नव्हता, तू तिला सांभाळशील याला होता. देवीने तीनदा हो म्हटले आहे. तिच्या ताटासमोर बसत जा.

मुक्काम लुगांग, तारीख ९ ऑक्टोबर २०२५.

शी चिन-फा (सही व अंगठा)

लेखनिक व साक्षीदार: लिआओ थ्येन-पाओ, निवृत्त पोस्टमास्तर
साक्षीदार: हुंग आ-श्योंग, देवळाचे झाडूवाले
साक्षीदार: को श्यू-मान. वाचून सही केली. मी टीव्हीशी भांडत नाही. पोरीची मोठी पटाशी माझ्याकडे ठेवली आहे.