बर्फाखालचं नळकांडं

४ नोव्हेंबर, हडपसर
संशोधनाच्या सरांना ‘नाही’ कळवलं. दक्षिण महासागराच्या मोहिमेतली माझी जागा आता प्रयोगशाळेतल्या केतकीला.
काल जेवताना घरी सांगितलं, चार महिने जहाजावर. आई म्हणाली, “एवढ्या पुरुषांत?” बाबा बातम्या बघत राहिले. बाबा बोलत नाहीत म्हणजे नाहीच. घरातली पहिली पदवीधर, आणखी किती ताणायचं...
सर म्हणाले, “समुद्र थांबेल हो, त्याचे चढउतार दशकांचे असतात. तुमचं काय ते बघा.”

१९ जानेवारी
केतकीचा फोटो आला. तापमान मोजायचं नळकांडं, पाण्यात सोडण्याआधी. त्याचे सेन्सर मी तपासले होते. तिनं त्यावर मार्करनं माझं नाव लिहिलंय. “तू नाही तर तुझं नाव तरी गेलं गं!”
तिचा हेतू चांगलाच. दिवसभर एक आलेख धड काढता आला नाही.

२ मे
नळकांडं गप्प. एरवी खोलातून वर येऊन उपग्रहाला आकडे कळवतं, आता वर समुद्र गोठलाय. बर्फ हटेपर्यंत मोजेल, साठवेल, बोलणार नाही.
आई : “बिघडलं का?”
“नाही गं. हवा ऊब चार दिवसांत विसरते. समुद्र ती वर्षानुवर्षं पोटात ठेवतो, मग कधीतरी हवेला परत देतो. तेच तर शोधतोय.”
“म्हणजे तुझ्या बाबांसारखा.”
दोघी खूप हसलो.

२८ ऑगस्ट
बाबांच्या कंपनीतले जगतापकाका आले होते. “पोरगी बर्फात जाणार होती ना?”
बाबा : “हिनंच नको म्हटलं. मी कुठं अडवलं?”
चहाचा ट्रे माझ्या हातात.
काका गेल्यावर म्हटलं, “तुम्ही काहीच बोलला नव्हता.”
“तू विचारलंस कुठं? सांगितलंस, अन् ताटावरून उठलीस.”
खरंय. इतके महिने त्यांच्यावर धुमसले, आणि...

१६ ऑक्टोबर
नकाशात बर्फ मागे सरकतोय. नळकांड्याचा पत्ता नाही. चिरडलंही असेल.
नव्या मोहिमेत एकच जागा. केतकीला अनुभव आहे, मला नाही. सर म्हणाले, “उद्या नाव द्या. मिळेलच असं नाही.”
जेवताना विचारलं, “बाबा, मी जाऊ का?” या वेळी मी ताटावरून उठले नाही.
बाबांनी टीव्ही बंद केला. हात धुऊन परत येऊन बसले, म्हणाले, “सांग, कुठं जातं हे जहाज?”
हे लिहितेय, बाहेर टीव्ही अजून बंदच आहे.