छपरांवरचा निवडुंग

चाकण, मार्गशीर्षातला रविवार, १९५६

सर, तुम्ही गेल्यापासून एक ओळही लिहिली नाही, त्याची माफी आधी मागते. आज लिहिते आहे, कारण काल एका झाडापाशी तुमची फार आठवण झाली.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी महाळुंग्यात राहते. तिच्या बांधावर पुरुषभर उंचीचा निवडुंग आहे. आजीच्या मुलाला तिथे कांदा लावायचा आहे. "बाई शिकलेल्या हायेत, त्या दुर्मिळ म्हनल्या तर ठिवतो," असं म्हणून त्याने निवाडा माझ्यावर टाकलेला. आजी हळूच म्हणाली, "ह्याच्या बापानं खडकीच्या सायबाच्या बागेतनं एक कांडं आनलं व्हतं. त्यो गेला, ह्ये ऱ्हायलं."

मी नख लावलं. आपल्या साबराला, म्हणजे गावठी निवडुंगाला, पांढरा चीक येतो, याला नुसतं पाणी आलं. खोडाला पाच उभ्या कडा, आणि काटे लोकरीसारख्या ठिपक्यांतून झुबक्याने आलेले. म्हणजे खरा, समुद्रापलीकडचा निवडुंग. एवढंच कळलं. जात कळेना, आणि असा मी तरी कुठे पाहिलेला नव्हता. 'दुर्मिळ' हा शब्द ओठांवर आला, आणि मला कॉलेजच्या सहलीतली टेकडीवरची ती सकाळ आठवली. मी एक फूल उंच धरून तोच शब्द ओरडते आहे आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणता, "तुम्हाला दिसलं नाही, हा झाडाचा गुण नव्हे. आधी चार वाटा हिंडून या."

म्हणून गावात हिंडले. तिसऱ्या घरापाशी मान वर केली. कौलांवर, फुटक्या मडक्यात, त्याच पाच कडा. पुढच्या छपरावर तेच, त्याच्या पुढेही. वीज पडू नये म्हणून छपरावर साबर ठेवतात; हाच साबर समजून लोकांनी आजीकडून कांडी मोडून नेलेली. सगळं गाव तिच्या नवऱ्याच्या एका कांड्याखाली झोपत होतं.

परत येऊन मी खरं ते सांगितलं. मुलगा म्हणाला, "मग काढू?" मी म्हटलं, "दुर्मिळ नाही. पुढचं आईला विचारा." आजीने कोयता उचलला. मग म्हणाली, "काढ. साऱ्या गावाच्या डोईवर बसलाय त्यो, जातोय कुठं?" आणि माझ्याकडे वळून, "बाई, तुमच्या घरावर हाय का न्हाई? बिनराखणीच्या ऱ्हाताय व्हय!" तिने कोयत्याने एक कांडं तोडून फडक्यात बांधून दिलं.

विजेचं मी मानत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. कांडं खिडकीत ठेवलं आहे. कापलेली बाजू सुकल्याशिवाय मातीत लावू नये, हे तुमचंच. जातीचं नाव अजून लागलेलं नाही. आणि एक सांगते, सर: चौथ्या छपरापाशी मी क्षणभर मान खाली घातली होती. आणखी दिसू नयेत, झाड दुर्मिळच ठरावं, असं वाटत होतं.

उद्या: कांडं लावायला रॉकेलचा रिकामा डबा मिळवून तळाला भोक पाडणे.