तुमच्या फोनवर अजून ओटीपी येतात

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. एका घरात राहणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं? पण आज जुम्म्याची नमाज सुटली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतला तुमचा काळा फोन थरथरला. तुम्ही गेल्यापासून मी तो नुसता चार्ज करत होते, का ते मलाही माहीत नाही. उघडला तर आयकर खात्याचा ओटीपी. तो वाचेपर्यंत दुसरा आला. मग आणखी एक.

तुम्ही लोकांना आयकराची जी खाती उघडून दिलीत, त्यांचे पासवर्ड कुणीतरी बदलायला बघत होतं. शुक्रवारी, दुपारी, बरोबर ज्या वेळी आपल्या दारात चपलांचा ढीग पडायचा, त्याच वेळी.

आठवतं ना? इथे सौदीत पगारावर कर नाही, म्हणून आपल्या माणसांना वाटतं की आपला आणि कराचा संबंध संपला. तिकडे भारतात बँक व्याजावर कर कापते, जमीन विकली तर घेणारा कापतो, आणि तो परत मिळवायला रिटर्न भरावं लागतं, हे राबिघमधल्या ड्रायव्हरला, शिंप्याला, वेल्डरला कोण सांगणार? तुम्ही सांगायचात. दर शुक्रवारी, फुकट. रत्नागिरी-रायगडकडची ती कुटुंबं नमाजेनंतर मुलाबाळांसकट यायची आणि तुम्ही प्लांटचा सगळा शीण विसरून लॅपटॉप उघडून बसायचात. चहाचं आधण मी ठेवायचं हे न बोलता ठरलेलं. किती चिडायचे मी! सुट्टीचा एक दिवस, तोही लोकांच्या पॅन कार्डात!

पण फोनचं काय करून ठेवलंत हो तुम्ही?

खात्याला भारतातला नंबर लागायचा. या माणसांची तिकडची सिमं रिचार्जअभावी कधीच बंद पडलेली. सुट्टीवर गेलं की नवं सिम घ्यायचं, इकडे परतलं की ते मरू द्यायचं, असा सगळ्यांचा शिरस्ता. तुम्ही म्हणायचात, "असू दे, माझा टाकू." आणि खात्यामागून खात्याला स्वतःचाच नंबर लावत गेलात. तुमच्यासारखा देवमाणूसच असला वेडेपणा करू जाणे. आपणही एक दिवस जाणार, हे तुमच्या डोक्यातच आलं नाही का?

तुम्ही दुरुस्तीच्या शटडाऊनच्या गडबडीत प्लांटवरच कोसळलात. तुम्हाला नाशिकला पोचवून, सगळं करून मी परत आले. माझा इकामा, इथला राहण्याचा परवाना, मी काम करते त्या शाळेचा, म्हणून निदान येता तरी आलं. कंपनीचं घर सोडायचंय, सईची दहावी आहे. भाऊजी तिकडे एकेक गोष्ट तुमच्या नावावरून उतरवताहेत. परवा म्हणाले, "वहिनी, दादाचा नंबरही बंद करून टाकतो. उगाच रिचार्ज कशाला?" मी हो म्हणणार होते. मग सई म्हणाली, "मम्मा, नंबर रिसायकल होते हैं. किसी और को मिल जाएगा." म्हणजे उद्या कुणा अनोळखी माणसाच्या खिशात या सगळ्यांच्या घराच्या किल्ल्या!

आणि ओळखीचा माणूस तर आधीच दारात आलाय. साळवी. बाजारातला तो फॉर्म भरून देणारा सर्व्हिस सेंटरवाला. समाचाराला आला, सोफ्यावर बसला, पाणी प्यायला, हळहळला. पण त्याची नजर सारखी खिडकीकडे जात होती. उठताना म्हणाला, "वहिनी, साहेबांचा तो फोन मला द्या. लोकांची कामं अडतील. तुम्हाला कशाला डोक्याला ताप?" किती मऊ बोलला! मी "बघते" म्हणाले.

तो काय करतो ते तुम्हीच मला सांगितलं होतं. नसलेला विमा, नसलेलं गृहकर्ज, नसलेल्या देणग्या दाखवून परतावा फुगवायचा आणि वरचा अर्धा आपण घ्यायचा. नोटीस येते तेव्हा साळवी कुठेच नसतो. नोटीस येते त्या शिंप्याच्या नावावर. अशांचं निस्तरताना तुमचे किती शुक्रवार गेले!

आज चौथा ओटीपी आला आणि पाठोपाठ माझा फोन वाजला. हमीदभाई, आपल्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर. दापोलीकडची वाटणीची जमीन त्यांनी मुलीच्या, नाझियाच्या, नर्सिंगच्या शिक्षणासाठी विकली, आणि त्या विक्रीचं रिटर्न हे तुम्ही हातावेगळं केलेलं शेवटचं काम. सरळ, स्वच्छ रिटर्न. त्या परताव्यावर पोरीचं पुढचं वर्ष अडकलंय.

"भाभी, एक ओटीपी आला आसंल. जरा सांगा ना, लवकर."

"तुम्ही कुठे आहात, हमीदभाई?"

मागे प्रिंटरचा आवाज. साळवीचं दुकान, मला कळलं.

"साळवीसाहेब बोलले, जास्ती मिलंल. पोरीचा सगला खर्च निघंल. सायेब तर आता नायत..."

"नाही सांगणार," मी म्हणाले. "तुम्ही घरी या. खातं तुमचं आहे, मी तुमच्या हातात देते. त्याच्या नाही."

"सायबांनी आमाला कवा नाय म्हटला नवता, भाभी."

हे लागलं मला. खूप लागलं. मग फोन साळवीने घेतला. आवाज तसाच मऊ.

"वहिनी, दुसऱ्यांचे ओटीपी घरात ठेवून बसलाय तुम्ही. इथे त्याला सायबर गुन्हा म्हणतात, ठाऊक आहे ना? तुम्ही शाळेत आहात. इकामा शाळेचा आहे. मुलगी दहावीला. उगाच कुणी तक्रार केली तर मला वाईट वाटेल."

मी फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. सईला सांगितलं नाही, पण दाराला आतून साखळी लावली. तुमच्या चांगुलपणाचा इतका राग मला कधीच आला नव्हता. एकदा वाटलं, द्यावा तो काळा डबा साळवीला आणि सुटावं.

बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं तर रेहाना, हमीदभाईंची बायको. डब्यांची पिशवी अजून खांद्याला. ती बॅचलर पोरांना डबे करून देते, तुम्हीच तिचं कौतुक करायचात. घामाने निथळत होती.

"डबे द्याला गेलती तर साळवीकडे दिसले, तितनं उठवून आनलाय त्यांना. खाली उभे हायेत, वर याला शरमतात," ती म्हणाली. "भाभी, तो नंबर बदलून टाक. माजा टाक."

"तुझा इथला नंबर चालत नाही गं."

"इथला कशाला? माजा दापोलीचा सिम जिता हाय. आई त्यावरच बोलते. मी तो मरू देते काय? आमी सगल्या बायका ठेवतो."

मी तिच्याकडे बघतच राहिले. सगळ्या बायका! अहो, त्या दर शुक्रवारी आपल्या स्वयंपाकघरात माझ्याशी गप्पा मारत बसायच्या, माहेरच्या फोनवर हसायच्या, रडायच्या. आणि बाहेर तुम्ही त्यांच्या नवऱ्यांना विचारायचात, "भारतातलं सिम चालू आहे का?" ते माना हलवायचे, नाही. आत डोकावून एकदा तरी विचारायचंत! मीही कपबशा भरत राहिले, मलाही सुचलं नाही.

हमीदभाईंना वर बोलावलं. ते माझ्याकडे न बघता बसले. तुमच्या फोनवरचा ओटीपी घालून पासवर्ड बदलला, मग रेहानाचा नंबर लावला. तिच्या पिशवीतला फोन वाजला तेव्हा ती दचकली. हमीदभाई तिला हळूच म्हणाले, "आता हा कुनाला सांगू नको हां." ती म्हणाली, "तुमालाच सांगनार नाय." इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले.

ते गेल्यावर मात्र घर पुन्हा तसंच झालं. हे लिहितेय तेवढ्यात फोन आणखी एकदा थरथरलाय. कुणाचं खातं, कळत नाही, पॅनची नुसती शेवटची अक्षरं दिसतात. साळवीच्या दुकानात या क्षणी कोण बसलंय? कुणाचा नवरा? आणि त्याने खरंच शाळेत फोन केला असेल तर? तरी परवा रविवारी शाळा उघडली की मी त्या फाटकातून आत जाणार आहे.

म्हणून तुम्हाला शब्द देते. भाऊजींना सांगितलंय, नंबर इतक्यात बंद करू नका. पुढच्या शुक्रवारी मी बायकांना बोलावलंय, रेहाना आणतेय सगळ्यांना. आधण मीच ठेवीन. फोनवरून एकही ओटीपी कुणाला सांगणार नाही, साळवी कितीही मऊ बोलला तरी. एकेक खातं तुमच्या नंबरावरून उतरवत जाईन, घर सोडायची वेळ येईपर्यंत, जितकी जमतील तितकी.

आणि एवढं सगळं नीट झालं ना, की हा फोन गप्प होईल. आज तो थरथरला तेव्हा भीतीच्याही आधी, क्षणभर, मला तुम्हीच हाक मारल्यासारखं वाटलं होतं. तेही मग राहणार नाही. तरीसुद्धा करीन मी, अहो.

तुमचीच,
माधवी