आजार माझा, कौतुक तिचं

२ फेब्रुवारी
इस्पितळातून घरी. छातीत आता एक स्टेंट आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, नळी उघडून दिली आहे, पण सवयी त्याच ठेवल्या तर पुन्हा बंद पडेल, आणि दुसरा झटका पहिल्यासारखी सवलत देईलच असं नाही. बायको रडली. मी खंबीर होतो. ती पाहत नव्हती तेव्हा थोडा रडलो, पण ते औषधांमुळे.
आजपासून नवा माणूस. मीठ कमी, तळलेलं बंद, सिगारेट बंद. इस्पितळाच्या मागच्या मैदानात रोज सकाळी हृदयरोग्यांचा व्यायामवर्ग भरतो, तिथे जाणार. शिवाय दुकानातल्या शिलाई मशीनची मोटर काढून टाकणार आणि मशीन पायाने चालवणार. म्हणजे बसल्या जागी सायकल. हे डॉक्टरबाईंनाही सुचलं नव्हतं.

५ फेब्रुवारी
वर्गाचा पहिला दिवस. सकाळी हवा बोचरी होती. अशा हवेत हृदयरोग्याने बाहेर पडू नये, असं कुठेतरी वाचलंय. बायकोला पाठवलं. नवराबायकोत तुझं-माझं काय करायचं? तिने तिथे काय काय करायला लावतात ते शिकून यावं, मग मी घरच्या घरी निवांत करीन. जागाही अडवून ठेवली पाहिजे. नोंदणी करून आली. रजिस्टरमध्ये नुसतं आडनाव लिहितात, ते एकच, त्यामुळे काही अडलं नाही.
उद्यापासून मी.

१३ फेब्रुवारी
बायकोने आठवडाभराचे व्यायाम करून दाखवले. मी लक्षपूर्वक पाहिले. अर्धं शिक्षण पाहण्यात असतं.
मोटर काढली होती. पायाने दोन बाह्या शिवल्या आणि पोटऱ्यांत गोळे आले. गिऱ्हाईक कोटासाठी डोक्यावर बसलं. मोटर परत लावली. धंदा बुडाला तर त्या काळजीने हृदयावर जास्त ताण येईल.
सिगारेटी कात्रीने मधोमध कापून ठेवल्यात. आता जी ओढतो ती अर्धीच. कधी कधी लागोपाठ दोन होतात, पण प्रत्येक वेळी अर्धीच.

२४ फेब्रुवारी
बायको वर्गाहून येते ती गुणगुणत येते. लग्नाला इतकी वर्षं झाली, सकाळी हिने गुणगुणलेलं मला आठवत नाही. विचारलं तर म्हणते, मास्तरांनी एक गंमत सांगितली. कोण मास्तर? वर्गातले एक, रिटायर्ड ड्रिल मास्तर, दोन वर्षांपूर्वी बायपास झाली, आता सगळ्यांत पुढे चालतात.
गंमत काय होती ते विचारलं. म्हणाली, तिथे असतं तर हसू आलं असतं, सांगून येणार नाही.
मला हसायचं नव्हतंच.

३ मार्च
मास्तर म्हणतात सकाळी कोमट पाणी प्यावं. मास्तर म्हणतात जेवताना बोलू नये. मी म्हटलं, तर मग मास्तरांचं नाव तरी जेवताना घेऊ नकोस. गप्प झाली. मग संपूर्ण जेवणभर गप्प. तेही आवडलं नाही.
घरात आता सगळं उकडलेलं. मी तक्रार करत नाही. दुकानात बटणांच्या डब्यामागे खारे काजू ठेवलेत. सुका मेवा हृदयाला चांगला, हे डॉक्टरबाईच म्हणाल्या होत्या. मीठ आपोआप लागून येतं, त्याला मी काय करणार?

१५ मार्च
बायकोचे दोन ड्रेस आत घेतले. दोन्ही कुशींतून चांगलेच घ्यावे लागले. टाचण्या लावताना आरशात स्वतःकडेच बघत होती. छान दिसत होती, हे लिहून ठेवतो, कारण बोलायला जमलं नाही. तोंडून निघालं, इतकं कोणासाठी चाललंय? म्हणाली, अहो, माझ्यासाठी.
माझ्यासाठी म्हणजे तिच्यासाठी. मी दोनदा विचारून खात्री केली.
माझी पॅंट कमरेत आटली आहे. आजकालच्या कापडात दम नाही. शिवणीच्या आत माया ठेवलेली होती ती सगळी सोडली.

२२ मार्च
आज वर्गाला गेलो. म्हणजे वर्गाच्या समोर. इस्पितळाच्या कँटीनच्या खिडकीतून मैदान स्वच्छ दिसतं. नुसतं बसू देत नाहीत म्हणून चहा आणि लोणी लावलेला पाव घेतला. परिस्थिती गंभीर होती म्हणून पाव दुसराही घेतला.
मास्तर दिसला. ताठ, सडपातळ, पांढरे बूट. बायकोची पिशवी त्याच्या खांद्याला! तिने पाण्याची बाटली उचलायला हात घातला तर याने झटकन पुढे होऊन उचलून दिली. चढावर हात पुढे केला. ती हसून नको म्हणाली. हसायची काय गरज होती?
मला झटका आला तेव्हा माझी पिशवी मीच अँब्युलन्सपर्यंत नेली होती.
जळफळाट झाला. छातीतसुद्धा जरा जळजळलं. लोणी खारट असणार.

३० मार्च
लेकीचा फोन. बाबा, आईचा फोटो पाहिला, दहा वर्षांनी लहान दिसते, म्हणाली. अर्धा तास आईशी बोलली. मला विचारलं, गोळ्या घेता ना? बस्स. इस्पितळात कोण होतं? मी होतो.

६ एप्रिल
आज जे झालं ते कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.
मास्तर दुकानात आला. तो मला ओळखत नाही. पॅंट ढिली झालीय, कमरेत आत घ्यायचीय, म्हणाला. मी ओठांत टाचण्या धरल्या आणि त्याच्या कमरेला टेप लावली. आकडा लिहीत नाही. माझ्या टेपला इतक्यात थांबायची सवय नाही.
टाचण्या लावता लावता हा बोलू लागला. आमच्या वर्गात एक ताई येतात. बिचारीला झटका येऊन गेला, स्टेंट घातलाय, पण काय ती हिंमत! एक दिवस चुकत नाही. सगळ्यांना हसवते. आम्ही तिला काही उचलू देत नाही. मी मनात म्हटलं, ही कोण नवीन ताई? पुढे म्हणाला, तिच्या मिस्टरांचं टेलरिंगचं दुकान आहे म्हणे इकडेच कुठेतरी.
मी गुडघ्यावर बसलेलो, तोंडात सात-आठ टाचण्या.
मग म्हणाला, बायको मरणाच्या दारातून परत आली आणि हा गृहस्थ एकदासुद्धा तिच्यासोबत मैदानावर आला नाही. दगडाचं काळीज असणार. त्याला काय कळणार हृदयाचं दुखणं?
तोंडातल्या टाचण्यांमुळे ओरडता आलं नाही. सगळ्या काढून होईस्तोवर तो पॅंट बदलून, सोमवारी येतो म्हणून निघूनही गेला होता.
माझा झटका! माझा स्टेंट! आणि ती मिरवतेय!

६ एप्रिल, संध्याकाळ
जाब विचारला. शांतपणे सांगितलं तिने. पहिल्या दिवशी तिथल्या ट्रेनर मुलीने विचारलं, काय झालं होतं? हिने सगळं सांगितलं, कळ कशी आली, घाम कसा सुटला, अँब्युलन्स कधी आली. कोणाला आली, हे त्या मुलीने विचारलं नाही. दोन दिवसांनी लक्षात आलं. तोवर सगळे मायेने विचारपूस करत होते. म्हणाली, इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं हो, आज कसं वाटतंय म्हणून.
मी म्हटलं, उद्याच्या उद्या खरं सांग. ती म्हणाली, तुम्हीच या ना, आणि सांगा.
येणार म्हणजे येणार. सगळ्यांसमोर शर्टाची बटणं सोडून उभा राहणार. मग बघू कोण कोणाची पिशवी धरतो.

७ एप्रिल
बूट सापडेनात.

८ एप्रिल
सापडले. पण आज ढगाळ होतं.

११ एप्रिल
मास्तरची पॅंट दिली. एक अक्षर बोललो नाही. एक पाय किंचित आखूड केलाय. तो ताठ चालणारा माणूस, त्याला कळेलच. बाहेर पडताना म्हणाला, काय हात आहे तुमचा! आणि हसला. खरंच आवडली होती त्याला.

२६ एप्रिल
तपासणी. दोघं गेलो. मशीनच्या पट्ट्यावर चालायला लावलं. पट्टा जास्त जोरात फिरत होता. थांबवा म्हणालो. रक्ताचे रिपोर्ट आधीच आले होते. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. सिगारेट? बंद, मी म्हटलं. मीठ? नावाला. वर्ग? एक दिवस चुकवला नाही. रजिस्टरमध्ये तसं लिहिलेलंच आहे, म्हटल्यावर मी कशाला खोटा पडू?
त्यांनी बराच वेळ कागद पाहिले. म्हणाल्या, तुमची काही चूक नाही. एवढं सगळं इमानाने करूनही पट्ट्यावर ही अवस्था असेल, तर व्यायाम आणि गोळ्यांच्या पुढचं बघायला हवं. पुन्हा अँजिओग्राफी करू. बायपासचीही मनाची तयारी ठेवा.
आता खरं कसं सांगणार?
बायकोने सांगितलं. हे एकदाही गेले नाहीत, मी जाते. दुकानातल्या काजूंचं सांगितलं, अर्ध्या सिगारेटींचंही. तिला सगळं माहीत होतं! डॉक्टरबाई माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, अँजिओग्राफी एक महिना थांबवते. या महिन्यात त्यांना खरंच चालू द्या. पण छातीत दुखलं तर महिन्याची वाट बघायची नाही, तडक इथे यायचं.
बाहेर येऊन मी भांडलो. परक्या माणसासमोर नवऱ्याची अब्रू घालवलीस. आणि इतकं ठाऊक होतं तर वर्गाला तरी कशाला जात राहिलीस? मास्तरसाठी?
ती जिन्यावर थांबली. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, तुम्ही काही बदलणार नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. खूप रडले. मग म्हटलं, मागे मलाच राहायचंय, तर अंगात जरा ताकद तरी असू दे.
आणि जिना उतरून गेली. भरभर. मी कठडा धरून एकेक पायरी.

२७ एप्रिल
झोप नाही. रात्रभर तेच डोक्यात. मी नसलेलं घर. त्या घरात ती सकाळी गुणगुणत चहा करतेय. आत घेतलेला ड्रेस घातलाय. तिची तब्येत छान आहे.
मास्तरचा कसला हेवा करत बसलो मी! हेवा करायचा तर त्या घराचा. तिथल्या चहाचासुद्धा.

२८ एप्रिल, सकाळ
वर्गाला गेलो. फाटकापासून मैदानापर्यंतच धाप लागली. भाषण तयार होतं, पण बोलायला श्वास उरला नाही. बटणं सोडावी लागली नाहीत. माझ्याकडे एकदा बघून सगळ्यांना कळलं पेशंट कोण ते.
मास्तर धावत आला. टेलर, तुम्ही? मग बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. घडीची खुर्ची आणून मला बसवलं. ट्रेनर मुलीने नवीन पेशंट म्हणून सगळ्यांत हळू चालणाऱ्या गटात टाकलं. त्या गटात मी आणि एक आजी. आजी माझ्या पुढे निघून गेल्या, मी अजून खुर्चीतच.
बायको समोरून एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली. थांबली नाही. तिसऱ्या वेळी उठलो आणि तिच्या मागे चालायला लागलो. हाक मारली नाही, मारता आली नसती. तिची पाठ लांब जात राहिली. भीती वाटली. इस्पितळात वाटली नव्हती इतकी.
पहिल्या झाडापर्यंत गेलो. उद्या पुन्हा जायचंय. घराबाहेर पडशील तेव्हा मला उठव, असं तिला सांगितलंय. म्हणाली, उठवणार नाही, उठायचं असेल तर उठा.